सिंक्रोनायझेशनवर रिसर्च करायचाय? आधी दोन ऑसिलेटर, मग दहा हजार

दर दोन-तीन महिन्यांनी असा एक तरी मेल येतोच. नेटवर्कवरच्या सिंक्रोनायझेशनवर (एकमेकींशी जोडलेल्या लयी एका ठेक्यात येण्यावर) पीएचडी करायचीय, कोड लिहून झालाय, दहा हजार नोड आरामात चालतात, आता प्रॉब्लेम कुठला घेऊ ते सांगा. मी प्रत्येकाला उलट विचारते, की दोनच ऑसिलेटर, म्हणजे आपापल्या लयीत चालणाऱ्या दोनच गोष्टी, घेतल्या तर काय होतं ते कागदावर सोडवून दाखवाल का? बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. कुणाला कमी लेखायला म्हणत नाहीये हे, कारण याच चुकीपायी माझे स्वतःचे पीएचडीतले चार महिने गेलेत, ते पुढे सांगते. काय शिकायचं, कुठल्या क्रमाने, प्रश्न कसा निवडायचा, गाईड कसा बघायचा, पुढे नोकरीच्या वेळी अडचण कुठं येते, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं कधीचं मनात होतं.

विषय थोडक्यात असा. प्रत्येकाची आपापली लय असलेल्या पुष्कळ गोष्टी एकमेकींशी कशानेतरी जोडलेल्या असतात, मग त्या हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या पेशी असोत, झाडावर एकदम लुकलुकणारे काजवे असोत नाहीतर वीज ग्रिडमधले जनरेटर असोत. पुढारी कुणी नाही, इशारा कुणी करत नाही, तरी सगळे एका ठेक्यात येतात, म्हणजेच सिंक होतात. कधी येतात, का येतात, आणि कधी येत नाहीत, हा प्रश्न. १६६५ साली ख्रिस्तियान हायगेन्सने एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक थोड्या वेळाने बरोबर उलटसुलट झुलायला लागतात हे पाहिलं, आणि आधारातून जाणाऱ्या बारीकशा हेलकाव्यामुळे हे होतं हेही त्यानेच शोधलं. घड्याळं दोनच होती, हे लक्षात घ्या.

तर आता कागद घ्या. दोन ऑसिलेटर, दोघांचा मूळ वेग वेगळा, आणि दोघं एकमेकांना फेजच्या (चक्करीत कोण कुठवर पोचलाय त्याच्या) फरकाच्या साईनच्या प्रमाणात ओढतायत, दोघांच्या ओढीचा मिळून जोर म्हणजे कपलिंग. दोन समीकरणांची वजाबाकी केली की एकच उरतं: फेज-फरक बदलायचा वेग = मूळ वेगांमधला फरक वजा (कपलिंग गुणिले फेज-फरकाचा साईन). साईन १ च्या वर जात नाही, म्हणून मूळ वेगांमधला फरक कपलिंगपेक्षा जास्त असेल तर स्थिर उत्तरच मिळत नाही, ते दोघं लॉक होणारच नाहीत, म्हणजे एका वेगाने चालणारच नाहीत, कितीही वाट बघा. कमी असेल तर दोन उत्तरं मिळतात, एक स्टेबल एक अनस्टेबल, आणि बरोबर सीमेवर ती दोन्ही एकमेकांत मिसळून नाहीशी होतात, यालाच सॅडल-नोड बायफर्केशन म्हणतात. पुस्तकात तुम्ही ते वाचलेलं असतं, पण इथं ते स्वतःच्या हाताने काढलेलं असतं, आणि हाच फरक पुढे दहा वर्षं उपयोगी पडतो.

आता सीमेच्या जरासं बाहेर जाऊन बघा. कपलिंग १ घ्या आणि मूळ वेगांमधला फरक १.०१. लॉक नाही, पण फेज-फरक एका जागी येऊन रेंगाळतो, रेंगाळतो, मग एकदम एक आख्खी चक्कर मारतो आणि परत तिथंच येऊन रेंगाळतो. एका चक्करीला लागणारा वेळ म्हणजे २ पाय (π) भागिले (वेगांमधला फरक आणि कपलिंग यांच्या वर्गांच्या वजाबाकीचं वर्गमूळ), हा आकडा इथं साधारण ४४ येतो. कपलिंग नसतं तर ६.२ लागले असते. सीमेच्या आणखी जवळ जा, हा वेळ वाढतच जातो.

माझे चार महिने गेले ते नेमके इथं. दोनशे ऑसिलेटरचं नेटवर्क होतं, कपलिंग आणि वेगांचा पसारा बदलत बदलत प्रत्येक ठिकाणी सिम्युलेशन ३० युनिट वेळ चालवायचं आणि शेवटी सगळे एका वेगाने चाललेत की नाही ते बघून नकाशा रंगवायचा असं मी करत होते. नकाशा फार देखणा आला, सिंकचा प्रदेश अपेक्षेपेक्षा मोठा दिसला, त्यावर एक कारणमीमांसाही रचली, पेपरचा मसुदा तयार झाला. मग ग्रुपमधल्या एका सीनियरने सहज विचारलं की वेळ दहापट केलास तर? केला, आणि सीमा सरकली. मी ज्यांना लॉक झालेले समजत होते ते नुसते रेंगाळत होते. दोन ऑसिलेटरचं गणित आधी केलं असतं तर ३० हा आकडा कमी पडणार हे पहिल्या दिवशीच कळलं असतं. तो मसुदा आम्ही मागे घेतला.

म्हणून क्रम असा ठेवा: दोन, मग तीन, मग सगळे सगळ्यांशी जोडलेले, आणि त्यानंतरच नेटवर्क.

सगळे सगळ्यांशी जोडलेले म्हणजे कुरामोतो मॉडेल. आर्थर विन्फ्री यांनी १९६७ मध्ये दाखवलं की लयींची अख्खी लोकसंख्या कपलिंगची एक पातळी ओलांडली की एकदम सिंकमध्ये येते, पाणी गोठावं तसं, आणि योशिकी कुरामोतो यांनी १९७५ मध्ये ते हाताने सोडवता येईल अशा रूपात मांडलं. हे मॉडेल स्वतः कोड करा, कुणाचं तयार घेऊ नका, पन्नास ओळींचं काम आहे. वेगांसाठी लोरेंट्झियन वितरण घ्या, रुंदी गॅमा ०.५. मग क्रांतिक कपलिंग, म्हणजे जिथं सिंक सुरू होतो ती पातळी, बरोबर १ यायला हवं, आणि कपलिंग २ ला ऑर्डर पॅरामीटर आर, म्हणजे सगळे किती एकत्र आहेत ते मोजणारा शून्य ते एकमधला आकडा, ०.७०७ यायला हवा. सूत्र सोपं आहे, एक वजा (क्रांतिक कपलिंग भागिले कपलिंग), त्याचं वर्गमूळ. तुमचा कोड हा आकडा देत नसेल तर पुढचं काहीही करू नका, आधी हे दुरुस्त करा.

इथं नवीन मुलं हमखास जिथं अडकतात त्या दोन-तीन जागा सांगते. एक, फेजची सरासरी. ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते आणि खरी तर शून्य असते, म्हणून फेज नेहमी वर्तुळावरचे बिंदू म्हणून कॉम्प्लेक्स संख्येत घ्या आणि मग सरासरी काढा, तिची लांबी म्हणजेच आर. याचाच फायदा असा की प्रत्येकाने प्रत्येकाशी बेरीज करायची गरज पडत नाही, प्रत्येक ऑसिलेटर फक्त त्या सरासरीशी बोलतो, त्यामुळे दहा हजारांचं काम साध्या लॅपटॉपवर होतं. दोन, मोजकेच ऑसिलेटर घेतले तर कपलिंग शून्य असतानाही आर शून्य येत नाही, शंभर असतील तर ०.०९ च्या आसपास दिसतो आणि दहा हजार असतील तर ०.००९, म्हणजे ०.०९ बघून थोडासा सिंक सापडला असं लिहून बसू नका. तीन, लोरेंट्झियनची शेपटी लांब असते, रँडम आकडे काढले की प्रत्येक सीडला (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याला) आलेख वेगळा येतो, तेव्हा सुरुवातीला वेग रँडम न काढता वितरणाचे समान भाग पाडून घ्या, आलेख स्वच्छ येतो आणि सिद्धांताशी ताडून बघता येतं. टाइम स्टेप निम्मी करून उत्तर बदलत नाही ना, हे तर दर वेळी बघायचंच.

मला पुष्कळ जण म्हणतात की १९७५ च्या मॉडेलमध्ये आता काय उरलंय. मी त्यांना साल मोजायला सांगते. कुरामोतोंनी क्रांतिक कपलिंग काढलं १९७५ ला, पण सगळे विस्कळीत असलेली जी अवस्था आहे तिच्या स्टेबिलिटीचं नीट विश्लेषण स्ट्रोगाट्झ आणि मिरोलो यांनी केलं १९९१ ला, आणि एवढे अगणित ऑसिलेटर एका साध्या समीकरणात बसवता येतात हे ओट आणि अँटन्सन यांनी दाखवलं २००८ ला. तेहतीस वर्षं ते उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं! वरचं ०.७०७ त्या पद्धतीने अर्ध्या पानात येतं, करून बघा, मला तर अजूनही ते करताना आनंद होतो. कायमेराचंही तसंच, सगळे ऑसिलेटर सारखे, सगळ्यांचं कपलिंग सारखं, तरी अर्धे सिंकमध्ये आणि अर्धे विस्कळीत, हे कुरामोतो आणि बट्टोग्तोख यांनी २००२ मध्ये लिहिलं, नाव पडलं २००४ मध्ये, आणि प्रयोगात ते दिसायला २०१२ उजाडलं. त्या पहिल्या पेपरकडे सुरुवातीला फारसं कुणी बघितलंही नव्हतं.

नेटवर्क आता आणा. इथं लागणारं हत्यार म्हणजे लाप्लासियन मॅट्रिक्स (कोण कुणाशी जोडलंय ते मांडणारा आकड्यांचा तक्ता) आणि तिच्या आयगेनव्हॅल्यू. शंभर नोडचं वर्तुळ घ्या, प्रत्येक जण फक्त डाव्या-उजव्या शेजाऱ्याशी जोडलेला, याची दुसरी आयगेनव्हॅल्यू हाताने काढता येते, साधारण ०.००३९ येते, इतकी लहान म्हणजे सिंकला लागणारा वेळ प्रचंड. आता दोन-चार लांबच्या जोडण्या टाका आणि ती किती वाढते ते बघा. वॉट्स आणि स्ट्रोगाट्झ यांचा स्मॉल-वर्ल्डचा १९९८ चा पेपर ज्या विचारातून आला त्याची सुरुवात एका तालात किरकिरणाऱ्या रातकिड्यांपासून झाली होती, कोण कुणाचं ऐकतं, या प्रश्नातून. आणि त्याच वर्तुळावर सगळे ऑसिलेटर एकसारखे ठेवून हजार वेगवेगळ्या सुरुवाती देऊन बघा, पुष्कळ वेळा ते एकत्र येतच नाहीत, वर्तुळाभोवती फेज पीळ घातल्यासारखी फिरून बसते आणि ती अवस्थाही स्टेबल असते. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा लोकांना कोडमध्ये बग आहे असं वाटतं. बग नाहीये.

पेकोरा आणि कॅरल यांचं १९९८ चं मास्टर स्टेबिलिटी फंक्शन मात्र शिकायलाच हवं, नोडचं गणित वेगळं काढायचं आणि नेटवर्कचं वेगळं ही त्यातली युक्ती या क्षेत्रात सगळीकडे भेटते. याला लागणारं गणित म्हणजे लिनिअर अल्जेब्रा अगदी पक्की, डिफरन्शियल इक्वेशन आणि बायफर्केशन, थोडी प्रॉबॅबिलिटी, थोडं स्टॅटिस्टिकल फिजिक्स. बाकीचं लागेल तसं. कोडसाठी पायथन किंवा ज्युलिया, जे हाताशी असेल ते.

प्रश्न कसा निवडायचा यावर जास्त लिहिते कारण करिअर बनतं किंवा बिघडतं ते इथंच. या क्षेत्रात सगळ्यात सोपं काय असतं, तर जुनं मॉडेल घ्यायचं, त्यात एक नवी टर्म घालायची, डिले किंवा नॉइज किंवा तीन-तीन जणांचं कपलिंग, आलेख काढायचे आणि पेपर पाठवायचा. असे पेपर छापून येतात, मीही लिहिलेत. पण असे पाच पेपर झाले की मुलाखतीत समोरचा विचारतो की तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचंय, आणि तेव्हा उत्तर लागतं. म्हणून एक खरी सिस्टिम धरा आणि तिच्याबद्दल त्या क्षेत्रातल्या माणसाइतकं नाही पण त्याच्याशी तासभर बोलता येईल इतकं तरी जाणून घ्या.

टाळ्यांचं उदाहरण मला फार आवडतं. कार्यक्रम संपला की टाळ्यांचा कडकडाट होतो आणि कधीकधी मग सगळे एका ठेक्यात वाजवायला लागतात. नेडा आणि सहकाऱ्यांनी सभागृहातल्या टाळ्या रेकॉर्ड केल्या आणि २००० साली छापलं की ठेक्यात येताना माणसं आपला वेग साधारण निम्मा करतात, कारण सावकाश वाजवताना माणसामाणसातला वेगाचा पसारा कमी होतो, आणि पसारा कमी झाला की तेवढंच कपलिंग पुरतं. पण निम्म्या वेगाने आवाज कमी होतो, म्हणून लोक परत जोरात वाजवतात आणि ठेका तुटतो. हे सगळं कुरामोतो मॉडेलमधून वाचता येतं! प्रश्न असा असावा, कानाला ऐकू येणारा, मोजता येणारा, आणि मॉडेलने ज्याचं कारण सांगता येतं असा.

दुसरं उदाहरण वीज ग्रिड. ग्रिडमधले सगळे जनरेटर ५० किंवा ६० हर्ट्झला एकत्र फिरावे लागतात, आणि त्यांचं समीकरण म्हणजे इनर्शिया (जडत्व) जोडलेलं कुरामोतो मॉडेलच आहे. इनर्शिया आली की सिंक होतानाची सीमा आणि तुटतानाची सीमा वेगळ्या होतात, म्हणजे एकदा तुटलं की तेवढ्याच कपलिंगवर परत जुळत नाही. त्यात आता जड टर्बाइनच्या जागी इन्व्हर्टरमधून येणारी सौर वीज वाढतेय, इन्व्हर्टरला फिरणारं वजनच नाही, मग हे गणित बदलतं कसं, हा खराखुरा उघडा प्रश्न आहे. आणखी एक गंमत म्हणजे ग्रिडला नवी लाइन जोडली तर सिंक सुधारण्याऐवजी बिघडूही शकतो, हे विटहाउट आणि टिमे यांनी २०१२ मध्ये दाखवलं. अशा सिस्टिमवर काम केलंत तर इंजिनिअर तुमच्याशी बोलतो, पण एक अट आहे, त्याची भाषा तुम्ही शिकायची. व्होल्टेज, रिअॅक्टिव्ह पॉवर, प्रोटेक्शन रिले हे शब्द माहीत नसताना ग्रिडवर पेपर लिहू नका, मॉडेलमध्ये काय सोडून दिलंय हेच तुम्हाला सांगता येणार नाही.

मेंदू, हृदय, शरीरातलं घड्याळ सांभाळणारा साधारण वीस हजार न्यूरॉनचा पुंजका, या सिस्टिमही तितक्याच चांगल्या आहेत. एकच धरा.

गाईड निवडताना नावापेक्षा त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांचे थिसिस वाचा. त्यात एक प्रश्न धरून चार प्रकरणं पुढे गेलीयत का, की चार सुटे पेपर एकत्र शिवलेत, हे तासाभरात कळतं. आणि जुन्या विद्यार्थ्यांशी थेट बोला, आठवड्यातून किती वेळा भेटतात, चूक सापडली तर काय होतं, पेपर मागे घ्यायची वेळ आली तर कोण कुणाच्या बाजूने उभं राहतं. माझा तो मसुदा मागे घेतला तेव्हा माझा गाईड एक शब्दही लावून बोलला नाही, उलट चूक कशी सापडली तेच ग्रुप मीटिंगमध्ये सगळ्यांना समजावून सांग म्हणाला, आणि मला वाटतं त्या एका दुपारमुळे मी या क्षेत्रात राहिले.

डिपार्टमेंटचा प्रश्न मोठा आहे, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. हा विषय फिजिक्समध्ये असतो, अप्लाइड मॅथ्समध्ये असतो, इलेक्ट्रिकल आणि कंट्रोलमध्ये असतो, न्यूरोसायन्समध्येही असतो, आणि नोकरीची जाहिरात मात्र सिंक्रोनायझेशन या नावाने जवळजवळ कधीच निघत नाही. गणितवाले म्हणतात सिद्धता कुठंय, फिजिक्सवाले म्हणतात प्रयोग कुठंय, इंजिनिअर म्हणतात उपयोग कुठंय. म्हणून पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आपलं मुख्य घर कुठलं ते ठरवा, आणि त्या घराला पटेल असा निदान एक पेपर करा. गणितात जायचं तर एक तरी नीट सिद्ध केलेला रिझल्ट, फिजिक्समध्ये जायचं तर प्रयोग करणाऱ्यांबरोबर एक काम. दोन्हीकडे अर्धं अर्धं असलं की दोन्हीकडचे लोक छान म्हणतात आणि बोलवत नाहीत.

वाचनासाठी रोज सकाळी अर्काइव्हवरची (arXiv, छापून येण्याआधीचे पेपर जिथं टाकतात ती साइट) नॉनलिनिअर सायन्सेसमधली ॲडॅप्टेशन आणि सेल्फ-ऑर्गनायझिंग सिस्टिम्सची यादी चाळा, दहा मिनिटं पुरतात. पण आठवड्याला एकच पेपर पूर्ण वाचा आणि त्यातला एक आलेख स्वतः काढून बघा. आलेख जुळला नाही की शिकायला मिळतं, लेखकांना नम्रपणे मेल करा, बहुतेक जण उत्तर देतात. माझी दोन कोलॅबोरेशन अशा मेलमधूनच सुरू झाली.

पेपर कुठं पाठवायचा, तर केऑस, फिजिकल रिव्ह्यू ई, फिझिका डी आणि सियाम (SIAM) या अप्लाइड मॅथ्सच्या संस्थेचं अप्लाइड डायनॅमिकल सिस्टिम्सचं जर्नल या ओळखीच्या जागा आहेत. रेफरीचं, म्हणजे पेपर तपासणाऱ्याचं, सगळ्यात नेहमीचं म्हणणं म्हणजे हे मोठ्या नेटवर्कवरही टिकतं का, आणि वेगळ्या सुरुवातीवर टिकतं का, तेव्हा हे दोन्ही पाठवायच्या आधीच करून ठेवा. कोड सोबत द्या, आणि त्यात सीड, टाइम स्टेप, सिम्युलेशन किती वेळ चालवलं हे स्पष्ट लिहा.

कॉन्फरन्समध्ये डायनॅमिक्स डेज, नेटसाय, आणि दर दोन वर्षांनी विषम सालात होणारी सियामची डायनॅमिकल सिस्टिम्सची परिषद या तीन जागी क्षेत्रातले बहुतेक लोक भेटतात. पहिल्या दोन वर्षांत मात्र मी कॉन्फरन्सपेक्षा स्कूलला, म्हणजे विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या कार्यशाळेला, जा म्हणेन. त्रिएस्तेचं आयसीटीपी हे थिअरॉटिकल फिजिक्सचं आंतरराष्ट्रीय केंद्र आणि ड्रेस्डेनची कॉम्प्लेक्स सिस्टिम्सची मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूट यांच्याकडे अशा कार्यशाळा होत असतात आणि विद्यार्थ्यांना खर्चाची मदतही मागता येते, फक्त अर्जाच्या तारखा फार आधी असतात. एकत्र जेवताना-चालताना दोन आठवड्यांत जे प्रश्न विचारता येतात ते पंधरा मिनिटांच्या टॉकनंतर येत नाहीत.

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची रिसर्चची नोकरी, एक नाही तर दोन करावे लागतात, कधी तीन. दुसरा करताना पीएचडीच्या विषयापासून जाणूनबुजून थोडं लांब जा, म्हणजे थिअरी केलीत तर डेटा असलेल्या ग्रुपमध्ये. शिफारसपत्रासाठी किमान महिनाभर आधी सांगा आणि सोबत एक पान लिहून द्या, मी कुठला प्रश्न धरलाय आणि पुढची पाच वर्षं काय करणार. हे पान लिहिता येत नसेल तर अर्ज करायची घाई करू नका.

आणि मुलाखतीच्या टॉकला स्लाइडच्या आधी टेबलावर एक हलकी फळी, तिच्याखाली आडवे दोन रिकामे डबे, वर दोन मेट्रोनोम (ठेका धरायला टकटक करणारी लंबकाची यंत्रं), एवढं ठेवा. दोन्ही मिनिटाला २०८ ठोक्यांवर लावा, वेगवेगळ्या वेळी सोडा, फळी डब्यांवर मोकळी हलू द्या. थोड्याच वेळात टकटक एक होते आणि खोलीतलं शेवटच्या रांगेतलं माणूसही मान वर करून बघतं. मग एका मेट्रोनोमचं वजन जरासं सरकवा, ते कधी जुळतात कधी सुटतात, सुटायच्या आधी किती वेळ रेंगाळतात ते दाखवा, आणि लगेच फळ्यावर दोन ऑसिलेटरचं समीकरण लिहा. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच टेबलावर करून बघा मात्र, टेबल कललेलं असेल तर फळी घरंगळत जाते, डब्यांखाली कागदाची घडी घालावी लागते.